विनाइल टाकण्याआधी जुनी फरशी तपासा

कापूस विकला, चार पैसे हाती पडले, की घराच्या दुरुस्तीचा विषय निघतो. केळझर, सेलू, हिंगणी या पट्ट्यात तर ही दरवर्षीची रीत आहे. भीमजयंतीच्या आधी भिंतींना रंग लागतो, दारांना वार्निश लागते. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. नागपूर-वर्धा रस्त्याने ये-जा करणाऱ्या आपल्या बंधूंच्या खांद्यावर प्लास्टिकची जाड गुंडाळी दिसते. हे विनाइल. कुणी त्याला पीव्हीसी शीट म्हणतो, कुणी नुसतेच कार्पेट म्हणतो. लाकडाची नक्षी, संगमरवराची नक्षी, हवे ते मिळते आणि खिशालाही फार जड जात नाही.

आमच्या भगिनींचा नेहमीचा प्रश्न असा असतो : "जुनी टाईल फोडायची, का तिच्यावरच टाकायचं?" याचे उत्तर थोडक्यात सांगतो. बहुतेक घरांत जुनी फरशी फोडण्याची गरज नसते. पण ती आहे तशी ठेवून तिच्यावर विनाइल पसरणे म्हणजे मेहनतीचा पैसा मातीत घालणे होय. विनाइल झाकते, दुरुस्त करत नाही. खालचा दोष वर येतो, आणि तो यायला एक पावसाळा पुरतो.

आपल्या घरांतली जमीन कशी बदलत गेली, हे आठवून पाहावे. आमच्या आज्यांचा अर्धा जन्म जमीन सारवण्यात गेला. कंबर वाकवून शेणामातीचा हात फिरवायचा, तो वाळतो न वाळतो तोच पोरांच्या पायांनी उखडायचा. पुढे घरकुल मिळाले, कुणाला रेल्वेत किंवा मिलमध्ये नोकरी लागली, आणि शहाबादी फरशी आली. काहींनी कोटा बसवला, काहींनी मोझॅकच्या टाईल्स घातल्या. नंतर चकचकीत सिरॅमिक आली. या प्रत्येक फरशीमागे कुणाची तरी मजुरी आहे, कुणाचे तरी कर्ज आहे. म्हणून ती जुनी झाली तरी तिच्याशी घाई करू नये.

विनाइल म्हणजे काय

पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक आहे. त्याला मऊ करण्याची युक्ती अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने १९२६ साली शोधली. त्यात मऊपणा आणणारे द्रव्य घातले, की ते वाकते, गुंडाळता येते, पायाला थंड-टणक लागत नाही. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या माणसांना आणि रांगणाऱ्या लेकरांना ते बरे वाटते, ते याच मऊपणामुळे.

पण हाच मऊपणा त्याची अडचणही आहे. घरोघरी वापरतात ती शीट साधारण अर्ध्या ते दोन मिलिमीटर जाडीची असते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या उष्णतेने शीट आणखी नरम होते आणि पायाखाली दबून खालच्या सांध्यात बसते. मग वर्षभरात वरच्या सुंदर लाकडी नक्षीवर जुन्या टाईलच्या चौकटी उमटतात. खाली एखादा खडा राहिला असेल, तर तिथे टेंगूळ येते आणि बरोबर तिथेच शीट झिजून फाटते.

दुसरी गोष्ट अशी, की विनाइलमधून वाफ जात नाही. जुन्या फरशीच्या सांध्यांतून जमिनीतली ओल थोडी थोडी हवेत निघून जात असते. वर प्लास्टिक चिकटवले, की तिची वाट बंद होते. ती खालीच कोंडते, गोंद सुटतो, कडा वर येतात, कुबट वास येतो आणि काळी बुरशी धरते.

एप्रिलची कोरडी फरशी खोटी साक्ष देते

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे झाले, तर हे ठेवावे. जयंतीच्या तोंडावर काम काढणारे मार्च-एप्रिलमध्ये फरशीला हात लावून पाहतात. ती कोरडी ठणठणीत असते. मिस्त्री म्हणतो, "काही नाही होत, बाई." शीट चिकटते, पाहुणे कौतुक करतात. आणि ऑगस्टमध्ये दाराजवळची कड वर येते.

याचे कारण आपल्या जमिनीत आहे. वर्धा जिल्ह्यात कपाशीची काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि ते पाणी बराच काळ धरून ठेवते. घराच्या पायात मुरमाची भर नीट घातली नसेल, तर या फुगण्या-आकसण्याने फरशी कुठे उचलते, कुठे खचते. शिवाय जुन्या घरांत फरशीखाली ओल अडवणारा प्लास्टिकचा थर सहसा नसतो. त्यामुळे पावसाळ्यात खालून ओल चढते. भिंतीच्या तळाशी पोपडे सुटतात आणि पांढरा खार फुटतो, तोही याच ओलीचा पुरावा असतो.

म्हणून परीक्षा पावसाळ्यातच घ्यावी. ती अगदी सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड-दोन फुटांचा चौकोनी तुकडा घ्यावा. तो फरशीच्या सांध्यावर येईल असा ठेवून चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने घट्ट बंद करावा. एक तुकडा खोलीच्या मध्ये, एक बाहेरच्या भिंतीजवळ आणि एक मोरीच्या बाजूला लावावा. एक ते दोन दिवस तसेच राहू द्यावे. मग उचलून पाहावे. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब असले किंवा सांधा काळपट पडला असला, तर ओल जमिनीतून येत आहे. थेंब वरच्या अंगाला असले, तर ती फक्त हवेतली दमट असते.

ओल निघाली, तर घाबरू नये, तिचे मूळ शोधावे. छपराची पागोळी भिंतीच्या बुडाशीच पडते का? मोरीचा पाईप फुटला आहे का? नाली तुंबली आहे का? आणखी एक कारण अलीकडे फार दिसते. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, पुन्हा त्यावर थर चढला, रस्ता वर गेला आणि घर खाली राहिले. मग पावसाचे पाणी उंबऱ्याकडे वाहते. अशा ठिकाणी भिंतीपासून दूर उतार देणे आणि नाली मोकळी करणे, हे पहिले काम आहे. ते केल्यावर पुन्हा प्लास्टिक लावून पाहावे.

एवढे करूनही ओल थांबली नाही, तर विनाइल चिकटवण्याचा नाद सोडावा. हवे असल्यास शीट न चिकटवता मोकळी पसरावी, म्हणजे पावसाळ्यात उचलून खालची फरशी वाळवता येईल. यात कमीपणा काही नाही. पैसा वाया जाण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे.

थोडक्यात वेळापत्रक असे : परीक्षा पावसाळ्यात, दुरुस्ती दिवाळीनंतर, आणि शीट टाकायची जानेवारी-फेब्रुवारीत. ना थंडीचा कडाका, ना उन्हाचा तडाखा. जयंतीला घर तयार आणि घाईही नाही.

ठोकून पाहा, पट्टी फिरवून पाहा

ओलीनंतर फरशीची मजबुती पाहावी. थापीच्या लाकडी मुठीने प्रत्येक टाईल मध्ये आणि चारही कोपऱ्यांत हलके ठोकावी. भरीव आवाज आला, तर ती पक्की. मडक्यासारखा पोकळ आवाज आला, तर खालचा माल सुटला आहे. तिच्यावर खडूने फुली करावी. हे काम घरातली शाळकरी मुलेही आनंदाने करतात.

फुलीच्या टाईल काढाव्यात. खालचा जुना माल खरवडून, धूळ झाडून, पाणी मारून एकास चार सिमेंट-रेतीत त्या पुन्हा बसवाव्यात आणि आठवडाभर ओल्या ठेवाव्यात. फुटलेल्या टाईलच्या जागी नवी आणताना रंग जुळवण्याचा त्रास घेऊ नये. वर विनाइलच येणार आहे, फक्त जाडी जुळली पाहिजे. मात्र निम्म्या खोलीवर फुल्याच दिसू लागल्या, तर ती फरशी काढून नव्याने बसवणे हाच शहाणपणा.

आता सपाटी. मिस्त्रीकडे अ‍ॅल्युमिनियमची सहा फुटी सरळ पट्टी असते. ती खोलीत उभी, आडवी, तिरकी अशी ठेवून पाहावी. पट्टीखालून एकावर एक ठेवलेली दोन नाणी सरकली, तर तिथे खड्डा आहे आणि तो भरायला हवा. वर आलेला टाईलचा कोपरा घासून काढावा. दारेही उघडून पाहावी. भराव आणि शीट मिळून चार-पाच मिलिमीटर उंची वाढते. दार आधीच घासत असेल, तर ते आधी उतरवून खालून रंधा मारून घ्यावे.

मेण, तेल आणि अ‍ॅसिड

मग धुणे. आपल्या घरांत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लागते. वर्षानुवर्षांचे मेणाचे थेंब फरशीच्या रंध्रांत बसलेले असतात, ते डोळ्यांना दिसतही नाहीत. मेणावर सिमेंट धरत नाही आणि गोंदही धरत नाही. ती जागा पत्र्याने खरवडून, कढत पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने घासून काढावी. चुलीजवळची, फोडणीच्या तेलाची जागा तशीच घासावी. सोडा-साबण फरशीवर राहू नये म्हणून दोनदा साध्या पाण्याने धुवावे आणि दोन-तीन दिवस पंखा लावून वाळवावे.

इथे एक कळकळीची सूचना. फरशी झटपट निघावी म्हणून अनेक जण बाजारातले अ‍ॅसिड ओततात. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत. अ‍ॅसिड पडताच ते फसफसतात आणि झिजतात, टाईलच्या सांध्यातले सिमेंटही खाल्ले जाते. त्याहून मोठा धोका म्हणजे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले, तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद मोरीत असा वायू कोंडला, तर जीव जाऊ शकतो. या दोन वस्तू एका दिवशी, एका जागी वापरूच नयेत.

सांधे भरणे

टाईलचे सांधे आणि खड्डे भरून सगळी खोली एकसारखी करणे, हे या कामाचे काळीज आहे. इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे भिंतीची पुट्टी जमिनीवर वापरणे. ती भिंतीसाठी असते, पायाखाली तिची पीठ होऊन जाते. दुसरी म्हणजे चकचकीत टाईलवर नुसत्या पांढऱ्या सिमेंटचा पातळ हात मारणे. गुळगुळीत काचेसारख्या पृष्ठाला तो धरत नाही, पापड सुटल्यासारखा सुटतो.

योग्य पद्धत अशी आहे. सिरॅमिक टाईलची चमक आधी खरखरीत दगडाने किंवा पॉलिश पेपरने पाणी मारत घासून मोडावी. मग पुसून, वाळवून, प्रायमरचा हात द्यावा. सांधे भरण्यासाठी सिमेंटमध्ये लॅटेक्स मिसळावे, ते हार्डवेअरच्या दुकानात डब्यात मिळते. त्याने माल चिकट आणि चिवट होतो. खोलीभर थर द्यायचा असेल, तर 'सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड' नावाची गोणी मिळते. ते पाण्यासारखे पसरून आपली सपाटी आपणच धरते. पाण्याचे प्रमाण गोणीवर लिहिलेले असते तेवढेच घ्यावे. पाणी जास्त झाले, की थर ठिसूळ होतो.

हिशेबही सांगून ठेवतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर थराला साधारण दीड ते पावणेदोन किलो माल लागतो. दहा बाय दहाची खोली म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. दोन मिलिमीटरचा थर द्यायचा, तर २८ ते ३३ किलो लागेल. म्हणजे वीस किलोच्या दोन गोण्या पुरतात. कुणी चार गोण्या लिहून दिल्या, तर कारण विचारावे.

थर वरून वाळलेला दिसला, तरी आत ओला असतो. गोणीवर लिहिलेला वेळ पाळावा. साध्या सिमेंट-रेतीची जाड दुरुस्ती असेल, तर चार आठवडे थांबावे. शेवटी तोच प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावून खात्री करावी.

मजुराची छाती आणि मजुराची बोली

हे काम करणारेही बहुधा आपलेच भाऊबंद असतात. टाईल, सिमेंट आणि रेती कोरडी घासली, की उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर बरे करणारे औषध नाही. म्हणून घासताना पाणी मारावे, चांगला मास्क बांधावा, कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. साध्या रुमालाने ही धूळ अडत नाही. जुन्या सरकारी किंवा रेल्वे क्वार्टरमध्ये पूर्वीच विनाइल टाईल बसवलेल्या असतील, तर त्या घासू किंवा फोडू नयेत. कित्येक जुन्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेले असे.

मिस्त्रीशी बोली करताना एक पथ्य पाळावे. सगळे काम चौरस फुटाच्या दराने दिले, की खालची तयारी उरकली जाते, कारण मोजमाप फक्त वरच्या शीटचे होते. ओल, ठोकणी, धुणे आणि सांधे यांची मजुरी रोजाने वेगळी ठरवावी आणि ती त्या त्या दिवशी चुकती करावी. शीट टाकण्याची मजुरी वेगळी धरावी. दोघांचाही फायदा यातच आहे. बांधकामावरच्या बंधू-भगिनींनी, वय १८ ते ६० असेल आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केले असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी. मिस्त्रीच नव्हे, हाताखालच्या रेजा बायांनीही करावी.

शीट आणणे आणि टाकणे

माप घेऊनच दुकानात जावे. शीटचा पन्हा बहुधा सहा-साडेसहा फुटांचा असतो. दहा फूट रुंद खोलीला साडेसहाच्या पन्ह्याचे दहा-दहा फुटांचे दोन तुकडे लागतात, म्हणजे १३० चौरस फूट. खोली १०० फुटांची, ३० फूट उरले. ते तीन फुटांचे लांब उरलेले पट्टे कुठे लावायचे, हे आधीच ठरवले तर पैसा वाया जात नाही.

गुंडाळी आणल्यावर घडी घालू नये, घडीची खूण जात नाही. ज्या खोलीत टाकायची त्याच खोलीत एक दिवस उलगडून पडू द्यावी. भिंतीला अगदी चिकटवून न कापता दोन-तीन मिलिमीटर फट सोडावी, कारण उन्हाळ्यात ती फुगते. फट झाकायला कडेची पट्टी लावता येते. दोन तुकड्यांच्या जोडावर इंचभर एकावर एक घेऊन दोन्ही एकाच वेळी धारदार पात्याने कापावे, म्हणजे सांधा तंतोतंत बसतो.

रबराच्या वासाचा गोंद भडकन पेट घेतो. तो लावताना घरात चूल, गॅस, अगरबत्ती, मेणबत्ती, बिडी काहीही पेटलेले नसावे. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया त्या दिवशी शेजारी थांबाव्यात. पाण्यात विरघळणारा गोंद मिळाला तर तो अधिक बरा.

काम झाल्यावर जपणूकही हवी. चुलीजवळ विनाइल टाकू नये, कढत पातेले ठेवू नये. रबरी पाठीचे पायपुसणे त्यावर ठेवले, तर तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरी गुळगुळीत नव्हे, खरखरीत अंगाची शीट घ्यावी, कारण ओल्या विनाइलवर पाय घसरतो.

एवढे सगळे वाचून एखादी भगिनी म्हणेल, शीटपेक्षा तयारीलाच दिवस जास्त लागतात. खरे आहे. दुकानदार नक्षी दाखवतो, पाहुणेही नक्षीच पाहतात. पण घर टिकते ते न दिसणाऱ्या कामावर. येत्या पावसाळ्यात प्लास्टिकचा एक तुकडा फरशीवर चिकटवून पाहा. नक्षी त्यानंतर निवडा.